नंबर वन गाणं आणि पंचगणीचा बोर्डर

(टी. ई., ई अँड टीसी)

हॉस्टेलवर काही वाद कधीच संपत नाहीत. मेसची भाजी आधी बरी होती की आत्ता, सचिन मोठा की विराट, आणि जगातलं सगळ्यात भारी गाणं कोणतं. पहिल्या दोन वादांत मी पडत नाही. तिसऱ्यात मात्र पडते, आणि एकदा पडले की रेक्टर मॅडम लाईट बंद करायला सांगेपर्यंत उठत नाही!

या वर्षी गॅदरिंगच्या आधी आम्ही आमच्या मजल्यावर चक्क मतदान घेतलं. विषय एकच, सर्वांत भारी रॉक गाणं. मतपत्रिका म्हणजे जर्नलची कोरी पानं आणि मतपेटी म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा. कोपरगावात रॉक कोण ऐकतं असं कुणाला वाटेल. पण गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर मोठ्याने गाणी लावून कारखान्याकडे जात असतात, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून कानात हेडफोन घालावाच लागतो. मग एकदा घातला की काय काय ऐकलं जातं! चिठ्ठ्यांमध्ये 'हॉटेल कॅलिफोर्निया' निघालं, 'स्टेअरवे टू हेवन' निघालं आणि अर्थातच क्वीन बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' निघालं. तेवढ्यात एकीने हरकत घेतली की ही सगळी परदेशी माणसं, त्यांच्यासाठी आपण का भांडतोय? मी म्हटलं, बाई गं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लिहिणारा माणूस आपल्या वाईजवळचा घाट चढून पंचगणीच्या शाळेत शिकलाय. आपल्यासारखाच हॉस्टेलवर राहून! कुणाचाच विश्वास बसेना. म्हणून हा लेखप्रपंच.

झांजिबार ते पंचगणी

फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर. आई जेर आणि वडील बोमी, दोघंही गुजरातकडचे पारशी. आडनावसुद्धा बलसाड म्हणजे आजचं वलसाड, त्यावरून आलेलं. झांजिबारवर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि वडील तिथे सरकारी नोकरीत कॅशियर होते. फारुखला एक धाकटी बहीण, कश्मीरा.

मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून वयाच्या आठव्या वर्षी त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पंचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये पाठवण्यात आलं. जरा विचार करा. आपण अठराव्या वर्षी हॉस्टेलवर आलो, तरी पहिल्या आठवड्यात फोनवर आईचा आवाज ऐकला की घसा दाटून यायचा. इथे आठ वर्षांचं पोर, मध्ये अख्खा अरबी समुद्र, आणि घरचं काही कळायचं तर पत्राची वाट पाहायची. सुट्टीत झांजिबारला जाणं दर वेळी शक्य नसे, म्हणून मुंबईत राहणाऱ्या नातेवाईकांकडे जायचं.

शाळेत फारुखचा फ्रेडी झाला. कॉन्व्हेंटमध्ये हे कसं होतं ते मला चांगलं माहीत आहे. माझंही चार अक्षरी मराठी नाव शाळेत दोन अक्षरांचं झालं आणि पुढे घरचेसुद्धा तेच म्हणायला लागले. नाव छोटं झालं की माणूस थोडा बदलतो. शाळेत एक, घरी दुसरा. घरी गेल्यावर इंग्रजी झाडते म्हणून बोलणी खायची आणि हॉस्टेलवर मराठी कच्चं म्हणून. फ्रेडीच्या बाबतीत तर घर झांजिबारला, भाषा घरची गुजराती, शाळेची इंग्रजी, आणि आजूबाजूला आपली साताऱ्याकडची मराठी.

त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. मुलं त्याला त्यावरून चिडवायची. हॉस्टेलवर असं चिडवणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. हसताना ओठांवर हात नेण्याची त्याची सवय शेवटपर्यंत टिकली. पुढे रग्गड पैसा आला तरी त्याने दात नीट करून घेतले नाहीत, कारण त्याने आवाज बदलेल अशी त्याला भीती होती.

पण हा मुलगा नुसता लाजाळू नव्हता. टेबल टेनिस उत्तम खेळायचा, बॉक्सिंग करायचा, चित्रं काढायचा. बाराव्या वर्षी शाळेने त्याला ज्युनिअर ऑलराउंडरची ट्रॉफी दिली. आणि पियानो! रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो पियानोवर जसंच्या तसं वाजवायचा. शाळेने हे हेरलं आणि त्याला पियानोची शिकवणी सुरू झाली. तो ग्रेडच्या परीक्षाही पास झाला. त्या काळी रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागत, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांच्या गाण्यांनी पोरं वेडी झाली होती. मुंबईच्या सुट्ट्यांमध्ये हिंदी सिनेमातली गाणी, विशेषतः लतादीदींची, त्याच्या कानांवर पडली असंही त्याच्याविषयी लिहिलं जातं.

शाळेतल्या पाच मित्रांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. इथे एक गंमत आहे. पुढे ज्याला जगातला सर्वोत्तम रॉक गायक म्हणून मतं पडली, तो या बँडचा मुख्य गायक नव्हताच! गायचा ब्रूस मरे नावाचा मुलगा. फ्रेडी मागे पियानोवर. शाळेच्या कार्यक्रमांत हे पाच जण वाजवायचे आणि पंचगणीतल्या मुलींच्या शाळेतून आलेल्या प्रेक्षक ओरडून दाद द्यायच्या, अशा आठवणी त्याच्या वर्गमित्रांनी सांगितल्या आहेत. म्हणजे आपलं गॅदरिंगच की!

दहावीच्या सुमारास अभ्यास मागे पडला आणि साधारण १९६३ मध्ये फ्रेडी पंचगणी सोडून झांजिबारला परतला. केटी लागलेल्या सर्व मित्रमैत्रिणींनी ही ओळ परत एकदा वाचावी.

परत शून्यापासून

जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, हजारो माणसं मारली गेली. बलसारा कुटुंब हाती लागेल ते सामान घेऊन इंग्लंडला निघून गेलं आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम इथे राहू लागलं. झांजिबारला नोकरचाकर असलेलं घर, आणि इथे लहानशी जागा, थंडी आणि कामाचा शोध. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता.

तिथे त्याने आधी पॉलिटेक्निकमध्ये आणि मग ईलिंगच्या आर्ट कॉलेजात शिक्षण घेतलं. १९६९ मध्ये ग्राफिक आर्टचा डिप्लोमा झाला. खर्चासाठी विमानतळावर सामान उचललं, बाजारात जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला. एक-दोन बँड आले आणि मोडले. १९७० मध्ये त्याने ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर बँड सुरू केला, त्याला 'क्वीन' हे नाव दिलं आणि स्वतःचं आडनाव मर्क्युरी करून टाकलं. बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं. त्यात चौघांच्या राशींची चित्रं आहेत: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या.

आता आपल्या कामाची गोष्ट. हा बँड म्हणजे जवळजवळ इंजिनिअरिंग कॉलेजच होतं. ब्रायन मे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा फिजिक्सचा विद्यार्थी. त्याने शाळेत असताना वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार बनवली. लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं आणि स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या! तीच गिटार तो पुढे आयुष्यभर वाजवत राहिला. १९७१ मध्ये आलेला बेस गिटारवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्याने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून छोटा अँप्लिफायर बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला. ब्रायन मेने अर्धवट सोडलेली पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली. म्हणजे सबमिशन तीस-पस्तीस वर्षं लेट! आपलं चार दिवसांनी लेट झालं तर किती बोलणी बसतात.

पाच मिनिटं पंचावन्न सेकंद

१९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. फ्रेडीने लिहिलेलं. त्याचे हाताने लिहिलेले कागद २०२३ मध्ये लंडनमध्ये लिलावात निघाले, तेव्हा कळलं की एका कच्च्या पानावर गाण्याचं नाव आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असं लिहून खोडलं होतं.

हे गाणं म्हणजे एक गाणं नव्हेच. सुरुवातीला अनेक आवाजांचा समूह, मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटार, मग एकदम ऑपेरा, मग दणदणीत रॉक, आणि शेवटी सगळं शांत. धृपद नाहीच. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. रेडिओवर तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालत, त्यामुळे हे कोणी वाजवणार नाही असं धंद्यातल्या लोकांना वाटत होतं. केनी एव्हरेट या रेडिओवाल्या मित्राने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं आणि सोमवारी लोक दुकानांत विचारायला लागले.

ऑपेराच्या भागात शेकडो माणसं गातायत असं वाटतं. प्रत्यक्षात गायले फ्रेडी, मे आणि टेलर असे तिघंच. आज आपण लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक टाकतो. तेव्हा चोवीस ट्रॅकची मॅग्नेटिक टेप असे. चोवीस संपले की काही ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे, रिकाम्या जागेवर पुन्हा गायचं, पुन्हा एकत्र करायचं. एवढ्याशा ऑपेरासाठी तीन आठवडे लागले आणि आवाजांचे सुमारे १८० थर चढले. टेप हेडवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा ऑक्साईडचा थर झिजून पलीकडचं दिसायला लागलं. म्हणजे अजून थोडं गायले असते तर गाणंच पुसलं गेलं असतं!

गाणं ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे नंबर वन राहिलं.

मतमोजणीची गंमत

आता पुन्हा वादाकडे. नंबर वन म्हणजे नक्की काय? गाण्यांचं मतदान आपल्याकडेही जुनंच आहे. अमीन सायानींची बिनाका गीतमाला १९५२ मध्ये सुरू झाली, त्यात रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांवरून गाण्यांची पायदानं ठरायची.

२००२ मध्ये गिनीजच्या लोकांनी ब्रिटनमध्ये मतदान घेतलं. ३१ हजारांहून जास्त लोकांनी मतं दिली आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिलं आलं. त्याच वर्षी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने साऱ्या जगातून मतं मागवली. तिथे हेच गाणं दहावं! पहिलं आलं एक आयरिश देशभक्तिगीत, कारण त्याच्या चाहत्यांनी ईमेलवरून जोरदार प्रचार केला. दुसरं होतं आपलं 'वंदे मातरम्', 'आनंदमठ' चित्रपटातलं, हेमंतकुमारांच्या संगीतातलं. आणि नववं 'छैया छैया'. म्हणजे जगाच्या यादीत शाहरुखची ट्रेन फ्रेडीच्या पुढे निघून गेली!

'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाने २००४ मध्ये सर्वोत्तम ५०० गाण्यांची यादी काढली, त्यात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १६३ वं होतं. २०२१ मध्ये नव्या परीक्षकांकडून नवी यादी केली, तेव्हा तेच गाणं १७ वं. गाण्यात मधल्या काळात एक सेकंदही बदललेला नाही. बदलले ते ऐकणारे. म्हणून मला वाटतं, मतदानातून गाण्यापेक्षा मतदारांची माहिती जास्त मिळते.

फ्रेडीच्या आवाजाबद्दलही असेच दावे होतात. चार सप्तकांचा आवाज, वगैरे. २०१६ मध्ये युरोपातल्या काही शास्त्रज्ञांनी त्याच्या रेकॉर्डिंगचा सिग्नल तपासला. चार सप्तकांचा पुरावा त्यांना मिळाला नाही. बोलताना त्याचा आवाज साधारण ११७ हर्ट्झ, म्हणजे खर्जाकडे झुकणारा होता, आणि गाताना मात्र तो वर जायचा. त्याच्या स्वराचं कंपन सेकंदाला सात वेळांहून किंचित जास्त, म्हणजे बहुतेक गायकांपेक्षा जलद होतं. दंतकथा गेली, पण जे हाती आलं ते दंतकथेपेक्षा कमी भारी नाही.

आणि १३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लाइव्ह एड हा कार्यक्रम झाला. समोर सुमारे ७२ हजार माणसं. क्वीनला मिळाली जेमतेम वीस मिनिटं. फ्रेडीच्या हातात नेहमीचा अर्धा माइक स्टँड. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँड मधूनच तुटला होता, तेव्हापासून त्याने तो तसाच ठेवला. दिवसाउजेडी, लाईट इफेक्टशिवाय, त्याने सगळ्या स्टेडियमला एका तालात टाळ्या वाजवायला लावलं. २००५ मध्ये कलाकार आणि पत्रकारांच्या मतदानात हा रॉकच्या इतिहासातला सर्वोत्तम कार्यक्रम ठरला. तो व्हिडिओ पाहताना मला दर वेळी पंचगणीचा तो मागे बसलेला पियानोवाला आठवतो.

शेवटची वर्षं

१९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्हीचं निदान झालं. (२०१८ च्या सिनेमात हे लाइव्ह एडच्या आधी दाखवलं आहे, ते खरं नाही.) त्या काळी या आजारावर खात्रीचा इलाज नव्हता आणि भीती व लाज मात्र भरपूर होती. त्याने ही गोष्ट अगदी जवळच्यांनाच सांगितली. वर्तमानपत्रवाले दारात उभे असायचे.

तो घरी बसला नाही. स्पेनच्या ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये यांच्याबरोबर त्याने 'बार्सिलोना' ही रेकॉर्ड केली, १९८८ मध्ये. तब्येत ढासळत गेली तसा तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी स्टुडिओत जाऊन गात राहिला. जेवढं गाता येईल तेवढं गाऊन ठेवायचं, बाकीचं मित्रांनी नंतर पूर्ण करायचं असं ठरलं होतं. 'मदर लव्ह' या गाण्याचं शेवटचं कडवं गायच्या आधी तो दमला आणि विश्रांतीला गेला. परत आलाच नाही. ते कडवं नंतर ब्रायन मेने गायलं. गाणं १९९५ मध्ये आलं, त्यात मध्येच आवाज बदलतो. ऐकून पाहा.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, लंडनमधल्या घरी तो गेला. वय ४५. या आजारावर चांगली एकत्रित औषधं आली १९९६ मध्ये. पाच वर्षांचा फरक! आज वेळेवर औषध घेणारा माणूस जवळपास पूर्ण आयुष्य जगतो. त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी अवेस्ता भाषेतल्या प्रार्थना म्हणून केले. मर्क्युरी आडनाव लावून जग जिंकलेल्या माणसाला शेवटी फारुख बलसारा म्हणून निरोप मिळाला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा नंबर वन झालं.

मग तो आपला का?

फ्रेडी आपला का, हा वाद आता बराच चालतो. २००२ मध्ये बीबीसीच्या सर्वांत थोर शंभर ब्रिटिशांच्या यादीत तो ५८ वा होता. आपल्याकडे मात्र तो आपल्या पंचगणीचा असं आपण अभिमानाने सांगतो. त्याने स्वतः भारताबद्दल जाहीरपणे फारसं काही बोललं नाही, म्हणून काही जण चिडतात आणि त्याने मुळं लपवली असं म्हणतात. मला ते पटत नाही. १९६० च्या दशकात लंडनमध्ये सावळ्या मुलाला रस्त्यावर काय ऐकावं लागायचं ते वाचलं की न बोलण्याचं कारण समजतं.

मला दुसराच प्रश्न पडतो. आपण त्याला आपला म्हणतो तेव्हा कितपत म्हणतो? ट्रॉफी, गाणी आणि वेम्बलीपर्यंतच? मेरी ऑस्टिन ही त्याची आधी प्रेयसी आणि मग आयुष्यभराची मैत्रीण. त्याचं प्रेम पुरुषांवर होतं, आणि शेवटची वर्षं जिम हटन हा साथीदार त्याच्याजवळ होता. आपल्या देशात सुप्रीम कोर्टाने अशा नात्यांना गुन्ह्याच्या यादीतून बाहेर काढलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे तो गेल्यानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षांनी. १ डिसेंबरला आपण एड्स दिनाची पोस्टर्स लावतो, घोषणा देतो. आणि त्याच संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये कुणाच्या चालण्यावरून, कुणाच्या आवाजावरून जे विनोद होतात ते आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. फ्रेडी आपला असेल तर त्याच्या दातांना हसणारी मुलंही आपलीच होती हे मान्य करावं लागेल. नंबर वन झाल्यावर आपला म्हणणं सोपं आहे. आपल्या विंगमध्ये, शेवटच्या खोलीत, दार लावून बसलेला एखादा फारुख आत्ताही असेल. त्याला आपला म्हणायला काही मतदान घ्यावं लागत नाही. संध्याकाळी दार वाजवून जेवायला चल म्हटलं तरी पुरतं.

फ्रेडीची समाधी कुठेही नाही. त्याच्या इच्छेप्रमाणे मेरी ऑस्टिनने त्याच्या अस्थी गुपचूप कुठेतरी ठेवल्या आणि जागा कुणालाही सांगितली नाही. माँत्रोला तळ्याकाठी त्याचा पुतळा आहे. २०१६ मध्ये एका लघुग्रहाला त्याचं नाव मिळालं, क्रमांक १७४७३. हे दोन्ही आपल्याला जरा लांब पडतात! पण पंचगणी आपल्या एसटीच्या टप्प्यात आहे. नगर, पुणे, वाई, मग घाट. ट्रिपला गेलात तर टेबललँडवर घोड्यांबरोबर फोटो काढा, स्ट्रॉबेरी क्रीम खा आणि मग पाच-दहा मिनिटं काढून सेंट पीटर्सच्या रस्त्याने चालत या. बोटीतून उतरून, घाट चढून, ट्रंक घेऊन एक आठ वर्षांचा मुलगा तिथे आला होता. नवीन मुलाशी पहिल्या रात्री कोण बोललं असेल, कुणास ठाऊक. पण कोणीतरी नक्कीच बोललं असणार.